ऑर्डर द्यायची तऱ्हा: तुमच्या खादाडीच्या आठवणी लिहा

इडलीपात्र
काल मॉलमध्ये लेक त्या उभ्या स्क्रीनवर टकाटक बोटं मारून बर्गर मागवत होती आणि मी शेजारी नुसता उभा. एका माणसाशी बोलावं लागलं नाही. त्यावरून आमचं दादरचं उडप्याचं हॉटेल आठवलं. वेटर यायचा तो एका हाताच्या बोटांत पाण्याचे ग्लास पकडून, बोटं अर्थात आत. मग एका दमात "इडली मेदूवडा साधा मसाला रवा म्हैसूर उत्तप्पा..." कागद नाही, पेन नाही, सगळ्या टेबलांचा हिशोब डोक्यात. खाऊन गल्ल्याकडे निघालो की मागून आरोळी, "चष्मेवाले साडेआठ, मागून लाल शर्ट चार रुपये!" कोणी कितीचं खाल्लं ते अख्ख्या हॉटेलाला कळायचं. आमचे बाबा चारचौघांत आकडा वाढू नये म्हणून कायम साधा डोसा मागवायचे असा माझा दाट संशय आहे.
तुमच्याकडे काय चालायचं?

वाटीभर_आमटी
बोटं बुडवलेलं पाणी 😂😂 आपली प्रतिकारशक्ती त्याच्यावरच पोसली आहे.

घाटावरची
कर्जत!! मुंबईहून पुण्याला येताना घाट चढायला मागून जादा इंजिनं जोडतात, तेवढ्यात वडे घ्यायचे. बाबा नेरळपासूनच सुटे पैसे मुठीत धरून बसायचे. एकदा पैसे दिले आणि गाडी हलली. वडेवाला धावत आला, खिडकीतून पुडी आत भिरकावली, ती समोरच्या आजोबांच्या धोतरात. त्यांनी शांतपणे एक वडा काढून घेतला आणि पुडी आम्हाला परत दिली. दंड म्हणे.

चाळकरी
वडापावाशिवाय धागा कसला. अशोक वैद्यांनी १९६६ साली दादर स्टेशनबाहेर सुरू केला म्हणतात, पण गल्लोगल्ली पोचला तो नंतर. १९८२ च्या गिरणी संपानंतर आमच्या चाळीत दोघांनी गाड्या टाकल्या, त्यातला एक माझा काका. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहणारा माणूस, त्याला कांदा चिरता येत नव्हता. काकी रात्री बटाटे उकडायची, सकाळी तो गोळे वळायचा, गोळे कधी लिंबाएवढे कधी नारळाएवढे. गिऱ्हाईक सगळं ओळखीचं. ऑर्डर म्हणजे "काका, दोन, चुरा मारून" किंवा "एक सुका, तिखट कमी, पोरासाठी आहे." पैसे पगाराला.
आता चुलतभाऊ बसतो. गिऱ्हाईक कानात बोळे घालून येतं, दोन बोटं दाखवतं, स्कॅन करतं, आणि डबा बोलतो, "चालीस रुपये प्राप्त हुए." काका असता तर त्या डब्याशी भांडला असता.

इडलीपात्र
@चाळकरी म्हणजे आरोळी परत आली की! फक्त आता लाल शर्ट म्हणत नाहीत.

माहीमचा_हलवा
१९९६ ला बांद्र्याला लिंकिंग रोडवर मॅकडोनाल्ड्स उघडलं तेव्हा हीऽऽ रांग. आजीला घेऊन गेलो होतो. तिचा पहिला प्रश्न, वाढायला कोण येणार? कोणी नाही म्हटल्यावर, "आपणच उचलून आणायचं, खरकटं आपणच टाकायचं, आणि वर पैसे आपणच द्यायचे?" आइस्क्रीम मात्र दोन खाल्ली.

सदाशिव_पेठी
आजीचं चूक काय होतं?

अटलांटाकर
आमच्याकडे ड्राइव्ह-थ्रू. सुरुवातीला त्या खांबावरच्या स्पीकरशी बोलायचं म्हणजे घाम फुटायचा. टाको बेलमध्ये देशी मंडळींचा ठरलेला मंत्र, बीफ काढा, बीन्स घाला. नवरा घरून पाठ करून निघायचा. पलीकडून "सॉरी?" आलं की सगळं विसरायचा. मग मी मागच्या सीटवरून ओरडायचे आणि मागच्या गाड्या हॉर्न मारायच्या. आता ॲप आहे, बरं आहे. माझं तरी जुन्यासाठी काही अडलेलं नाही.

वाटीभर_आमटी
+१ अटलांटाताई. बाळंतपणात रात्री एकला खिचडी दारात आली होती, ॲपवाल्यांना माझा आशीर्वाद.

नाक्यावरचा
माझा भाऊ तीच डिलिव्हरी करतो. पावसात भिजत येतो आणि सोसायटीत सांगतात मेन लिफ्ट वापरू नको, मालाच्या लिफ्टने जा. ती बंद असली तर जिने. वर पोचल्यावर "गार झालंय." जुन्या वेटरचं कौतुक करताय ते ठीक, पण निदान याला पाणी विचारा.

घाटावरची
@नाक्यावरचा खरंय रे दादा. आमच्या सोसायटीतही तीच पाटी आहे. मीटिंगमध्ये विषय काढते.

होस्टेलवाला
तीस मिनिटांत पिझ्झा नाही आला तर फुकट, ते आठवतंय का कोणाला? आम्ही गॅलरीत घड्याळ घेऊन उभे. एकोणतिसाव्या मिनिटाला पोरगा गेटवर दिसला की अख्खी विंग हळहळायची. वरची कमेंट वाचल्यावर आता तितकं हसू येत नाहीये म्हणा.

सुगरण_नाही
धागा नीट वाचला नाही, कुकर लावलाय. चाळकरी दादा, काकांच्या गाडीवरची लाल चटणी कशी करायचे?

चाळकरी
लसूण, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ. लसूण सालासकट भाजायचा. आणि खरी गंमत म्हणजे कढईतला तळलेला चुरा त्यातच कुटायचा.

सदाशिव_पेठी
शेंगदाणे राहिले.

चाळकरी
शेंगदाणे नाहीत.

सदाशिव_पेठी
थोडे तरी?

सुगरण_नाही
तुमचं ठरेपर्यंत शिट्ट्या किती झाल्या तेच विसरले 😭