मदत हवी आहे: स्क्लेरोडर्मा कातडीचा, मग छातीचं स्कॅन कशाला?

गवतीचहा:
आईला स्क्लेरोडर्मा (कातडी घट्ट होत जाण्याचा आजार) निघालाय. डॉक्टरांनी एचआरसीटी (छातीचं बारकाईचं सीटी स्कॅन) आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लिहून दिलंय. तिला ना खोकला ना दम. उगाच खर्चात पाडतायत का? पटकन सांगा, उद्या जायचंय.

मु.पो._चिंचवड:
वय? एएनए (अँटीबॉडी बघायची रक्ततपासणी) केली का? पुढे कुठली अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली? कातडी बोटांपुरतीच घट्ट झालीय की कोपराच्या वरही?

शेवंती:
माझ्या मावशीचे पांढरे डाग लेपाने गेले. व्यनि (खासगी निरोप) करा, पत्ता देते.

मु.पो._चिंचवड:
शेवंतीताई, ते कोड. इथे डागांचं कुणी विचारलेलं नाही.

गवतीचहा:
वय ५२. एससीएल-७० अँटीबॉडी स्ट्राँग पॉझिटिव्ह. कातडी दंडापर्यंत ताणलीय, तोंडही पूर्वीसारखं उघडत नाही. गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक, मग निळी. पण ते जुनंच आहे, त्याचा इथे काय संबंध?

मु.पो._चिंचवड:
तोच तर संबंध! त्याला रेनॉड म्हणतात. बहुतेकांना आधी तो होतो, कातडी मागून घट्ट होते. या आजारात कोलॅजन (कातडीला बळकटी देणारं प्रथिन) जास्त साठतं, ते फक्त कातडीत नाही. अन्ननलिका, फुप्फुसं, सगळीकडे. एससीएल-७० वाल्यांना फुप्फुसाचा धोका जास्त, आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. इको फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब बघायला. दोन्ही करा. पीएफटी (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) लिहिलीय का, डीएलसीओसकट (फुप्फुसातून वायू रक्तात किती जातो ते मोजणं)? माझ्या बायकोची दर वर्षी होते.

अण्णा_सातारकर:
तपासण्यांचं दुकान आहे सगळं. गहू बंद करा, महिन्यात फरक.

मु.पो._चिंचवड:
अण्णा, गव्हाने कोलॅजन साठत नाही.

अण्णा_सातारकर:
माझे गुडघे दुखायचे राहिले. तुमचे राहिलेत का?

निशिगंध:
भावाला ल्युपसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) स्टेरॉइडने लगेच उतार पडला. डॉक्टरांकडे तेच मागा.

मु.पो._चिंचवड:
अजिबात मागू नका! स्क्लेरोडर्मात स्टेरॉइडचा डोस मोठा झाला तर बीपी एकदम चढून किडनी निकामी व्हायचा धोका वाढतो. ल्युपसचं इथे लागू नाही. घरी बीपीचं यंत्र ठेवा, अचानक वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गवतीचहा:
पीएफटी लिहिलेली नाही, उद्या विचारतो. स्कॅनला उपाशी जायचं का?

मु.पो._चिंचवड:
एचआरसीटीत एरवी इंजेक्शन नसतं, जेवून चालतं. तरी सेंटरला फोन करा. आणि डॉक्टर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टच (सांधे आणि अशा आजारांचे तज्ज्ञ) आहेत ना? की त्वचारोगवाले?

शेवंती:
भांडी घासून माझी बोटं सुरकुततात, तेही हेच का?

मु.पो._चिंचवड:
नाही हो, ताई.