मतदानाला पाऊल कशाने बाहेर पडलं, कशाने अडलं? अनुभव लिहा

चाफेकळी, ठाणे

माझे वडील ७६ वर्षांचे. त्यांनी मत चुकवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. २० मे २०२४ ला, लोकसभेच्या वेळी, ते मत न देता घरी आले.

साडेनऊला रांगेत लागलो. मंडप अर्ध्या रांगेपुरताच, बाकीचे उन्हात. दोन तासांनी दारापाशी पोचलो तेव्हा कळलं की मोबाइल आत चालणार नाही आणि ठेवायचीही सोय नाही. मी दोघांचे फोन घेऊन घरी पळाले. परत आले तर बाबा रांग सोडून पायरीवर बसलेले. शर्ट पाठीला चिकटलेला, साखर उतरल्यामुळे हात थरथरत होते. लिमलेटची गोळी तोंडात घातली आणि रिक्षाने घरी आणलं. त्यांना सावरेपर्यंत संध्याकाळ झाली, माझंही मत राहिलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच चर्चा: शहरी मतदार उदासीन, शनिवार-रविवारला जोडून सोमवार मिळाला म्हणून लोक फिरायला गेले. बाबांनी पेपर घडी करून ठेवून दिला, बोलले काहीच नाहीत.

नोव्हेंबरात विधानसभेला केंद्र शेजारच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आलं. मतदानाचा वारही मुद्दाम बुधवार ठेवलेला. बाबा चहा पिऊन गेले आणि दहा मिनिटांत परत आले.

लोकसभेला राज्यात ६१ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, विधानसभेला ६६. विधानसभेला १९९५ नंतर एवढं कधी झालं नव्हतं. त्याची मोठी कारणं सगळ्यांनी ऐकली आहेत. मला घरातली, गल्लीतली ऐकायची आहेत. कुणाला मत दिलंत ते लिहू नका. गेलात तर कशामुळे, राहिलं तर कशामुळे, आणि बटण दाबताना डोक्यात काय होतं, एवढं लिहा.

कोयत्याचा पोरगा, बीड जिल्हा

आई-बाप ऊसतोडीला जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दोघांची मिळून. २०१९ ला विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला होतं, टोळ्या अजून गावातच होत्या. सगळ्यांनी मत देऊन मग बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवलं. २०२४ ला मतदान २० नोव्हेंबरला आणि गाळप १५ नोव्हेंबरपासून. मतदान होईपर्यंत थांबा अशी मागणी झाली होती, पण कारखाना लागला की मुकादम थांबत नाही. आई-बाप सांगलीकडं फडात, राहायची कोपी, म्हणजे झोपडी, नुकतीच घालून झालेली.

१९ तारखेला रात्री गाडी आली. कुणाची ते सांगत नाही. टोळीतली बावीस माणसं टेम्पोत बसून रात्रभर प्रवास करून गावाला आली. सकाळी मत दिलं, घरी भाकरी खाल्ली, म्हाताऱ्या आजीला भेटली आणि दुपारी परत निघाली. दोन दिवसांची तोड बुडाली. ती हिशोबात आमच्याच अंगावर येणार.

गाडी ज्याची त्यालाच मत पडतं, असं लोक छातीठोक सांगतात. मी आईला विचारलं. ती म्हणाली, “गाडीत बसले म्हणून काय झालं? आत मी एकटीच होते. चिठ्ठी दिसली, आपल्याला पाहिजे तीच होती.” मत कुणाला पडलं ते दाखवणारी ती चिठ्ठी मशीनच्या काचेमागं सात सेकंद दिसते. माझ्या आईला वाचता येत नाही, पण चिन्ह ओळखता येतं.

गाडी आली नसती तर मात्र ती बावीस मतं पडली नसती, हेही तेवढंच खरं. सैनिकाला टपालानं मत देता येतं, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यालाही. सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात राबणाऱ्या माझ्या बापाला का नाही, ते मला कुणी समजावून सांगावं.

खडू-फळा

मी शिक्षक. गडचिरोलीत केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं, १९ एप्रिल २०२४. आमच्या पथकाला हेलिकॉप्टरने पोलीस ठाण्यापर्यंत नेलं, तिथून केंद्राच्या शाळेपर्यंत बंदोबस्तात पायी. अशा केंद्रांवर मतदान सकाळी ७ ते दुपारी ३ एवढंच.

पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, सुरू केला तेव्हा बाहेर माणसं येऊन बसलेली. मोहाचा हंगाम सरत आला होता. काही बाया रानातून फुलं वेचून थेट तिकडेच आल्या होत्या, टोपल्या शाळेच्या भिंतीला ओळीने लावलेल्या, खोलीभर तो गोडसर वास. एका आजींचं नाव यादीत सापडेना. सून दुसऱ्या पानावर बोट ठेवेपर्यंत त्यांचा चेहरा मला पाहवेना. नाव मिळाल्यावर सुनेने सांगितलं, आजींना वाटतं की या यादीतून नाव गेलं की रेशनच्या, घरकुलाच्या, सगळ्याच याद्यांतून जाईल. म्हणून त्या सहा किलोमीटर चालत आल्या होत्या.

जास्त मतदान झालं की आपण ‘जागरूक मतदार’ म्हणून मोकळे होतो. त्या आजींना भीतीने आणलं होतं. त्यांचा हक्क यादीतल्या एका ओळीवर टिकून आहे, आणि ते त्यांना पक्कं माहीत आहे.

गोदाकाठची, नाशिक जिल्हा

आमच्या घरात २०२४ ला दोन निवडणुका झाल्या, आणि दोन्ही वेगळ्याच माणसांनी ठरवल्या.

डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली. आमचा लाल कांदा तेव्हा निघत होता. आठवडाभरात भाव असा कोसळला की ट्रॉली बाजार समितीत न्यावी की बांधावर ओतावी, यावर सासरे आणि नवरा दोन रात्री बोलत बसले होते. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, आमचं मतदान २० मेला. उठली तरी निर्यातशुल्क होतंच. साठवणीच्या चाळीत उन्हाळ कांदा भरताना सासरे सगळ्यांना सांगायचे, “हे ध्यानात ठेवून जा.” गेलो, ध्यानात ठेवून गेलो.

नोव्हेंबरात घरात कुणी काही सांगितलं नाही. तोवर माझ्या नि जावेच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे दीड हजार येऊ लागले होते. पैशाने मत विकलं असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कांद्याच्या भावाकडे बघून पुरुषाने मत दिलं की तो शेतकऱ्याचा रोष, आणि बाईने तिच्या खात्याकडे बघून दिलं की ती विकली गेली? आणि आमच्या दोघींची मतं एकाच चिन्हाला गेली असंही नाही. जाव म्हणाली, दीड हजारात गॅस नि तेल तरी बसतं का? पण बचत गटाच्या बाया पहिल्यांदाच आपापल्या मनाने, घोळक्याने केंद्रावर गेल्या. मी १९ वर्षं या गावात आहे. याआधी आम्ही नवऱ्यांच्या मागून जायचो.

कुळागर, फोंडा

गोव्यात हा प्रश्न थोडा वेगळा. चाळीस आमदार, आणि एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार. उमेदवार घरी येतो तेव्हा त्याला माझ्या आजोबांचं नाव माहीत असतं. २०२२ मध्ये सांत आंद्रेची जागा ७६ मतांनी फिरली. एवढ्या फरकाच्या गोष्टी जेवताना चालतात, मग घरी कोण बसेल? त्या वर्षी जवळपास ७९ टक्के मतदान झालं. मुंबईत तीन लाखांच्या मतदारसंघात माणसाला असं वाटणं अवघड आहे.

पुणेरी वाचक

माझा अनुभव थोडक्यात, पण माहिती कामाची आहे. मी गेले तर माझ्या नावापुढे आधीच सही झालेली होती, माझ्या नावावर कुणीतरी मत देऊन गेलं होतं. ‘आता काही करता येणार नाही, घरी जा’ असं मला सांगण्यात आलं. नशिबाने मला माहीत होतं. मी म्हटलं, मला प्रदत्त मत द्यायचंय. केंद्राध्यक्षांनी मग कागदी मतपत्रिका काढली, वेगळ्या नमुन्यावर सही घेतली आणि पाकीट बंद केलं. हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेलं तर त्याची नोंद असते. तासभर भांडले. माझ्यामागची मुलगीही त्याच कारणाने परत निघाली होती, तिला हाताला धरून थांबवलं.

उजनीकाठ

मी लिहू की नको असं झालंय. मी मत देतच नव्हतो. २०१९ ला ज्याला दिलं तो पुढे दुसरीकडे गेला. ज्या पक्षाला दिलं त्याचेही दोन तुकडे झाले. २०२२ आणि २०२३ मध्ये राज्यात जे झालं ते पाहून वाटलं, आपण देतो ते मत नक्की कुणाचं? मे महिन्यात सुट्टी असून घरी राहिलो. मुलगी अठराची झाली, नोव्हेंबरात तिचं पहिलं मत. ती म्हणाली, कुणी पटत नसेल तर नोटा दाब, पण चल. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा साडेसत्तावीस हजार मतं घेऊन दुसरी आली होती, हे तिनेच सांगितलं. तिच्यासोबत गेलो. आत काय केलं ते लिहीत नाही.

चाफेकळी, ठाणे

उजनीकाठ, लिहिलंत ते फार बरं केलंत. ‘कुणीतरी चल म्हणालं’ हे इथे पुन्हापुन्हा येतंय, घोळक्याने गेलेल्या बायकांतही तेच आहे. कोयत्याचा पोरगा, टपाली मताच्या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

वाडीतला, कुवेत

परदेशात राहून नाव नोंदवता येतं, नमुना ६ अ भरून. मी भरला. पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन गावच्या शाळेतच उभं राहावं लागतं. कंपनीची सुट्टी गणपतीला मिळते, मतदानाला मिळत नाही. नाव आहे, मत नाही.

सांजवात, कोल्हापूर

आजी ९१ वर्षांची. पहिलं मत १९५७ चं, संयुक्त महाराष्ट्राच्या भरातलं. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरून मत देता येतं, म्हणून आम्ही १२ ड चा अर्ज भरला. तिला ते अजिबात पटलं नव्हतं. मत शाळेत जाऊन द्यायचं असतं, असं तिचं म्हणणं. पथक यायच्या दिवशी सकाळपासून ठेवणीतलं नऊवारी नेसून ती खुर्चीत बसून होती. त्यांनी टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, व्हिडिओ सुरू केला. बाबा मदतीला पुढे झाले तर तिने हाताने थांबवलं आणि आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. आतून आम्हाला फक्त कागदाचा आवाज ऐकू येत होता, बराच वेळ. बाहेर आलो तेव्हा पाकिटाची कड ती बोटाने दाबून धरत होती, आणि अधिकारी बाई डिंकाची बाटली हातात घेऊन नुसत्या उभ्या होत्या.