पस्तिशीनंतर बॉक्सर उतरणीला लागतोच का?

भाट्ये_किनारा
आमच्या रत्नागिरीच्या क्लबात ३६ वर्षांचा एक गडी आहे. वजन ७१ किलो, हौशी गटात खेळतो. नियमाने ४० पर्यंत रिंगणात उतरता येतं, म्हणजे हातात अजून चार मोसम. पहिल्या दोन राउंडमध्ये पोरांना पुरून उरतो. तिसऱ्यात जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) सुटतो, पण हात हनुवटीशी परत यायला उशीर होतो आणि त्याच फटीतून समोरच्याचा उजवा बसतो. यावरून क्लबात दोन तट पडलेत. एक म्हणतो वय झालं, आता पोरांचे ठोसे झेलायला पॅड धर आणि त्यांना शिकव. दुसरा अमेरिकी हेवीवेट जॉर्ज फोरमन आणि आपल्या मेरी कोमची नावं पुढे करतो. शरीरात नेमकं काय कमी होतं, काय टिकतं आणि सरावात काय बदलावं, हे जाणकारांनी सांगावं. ‘मनावर घेतलं की सगळं जमतं’ छापाची उत्तरं नकोत.

तिसरी_घंटा
उतरण लागते, त्यात वाद नाही. पण सगळं एकदम उतरत नाही, आणि तुम्ही सांगितलेला दोष निम्मा तरी पायांचा वाटतो.

आधी हृदय. कमाल ठोक्यांचा ढोबळ हिशेब म्हणजे २०८ वजा वयाच्या ०.७ पट. विशीत १९४, छत्तिशीत १८३. मधले अकरा ठोके कुठल्याही सरावाने परत मिळत नाहीत. प्राणवायू वापरायची क्षमता तिशीनंतर बैठ्या माणसाची दर दहा वर्षांत साधारण १० टक्क्यांनी घटते. नेटाने सराव ठेवला तर ही घट निम्म्यावर रोखता येते. स्नायूंमध्ये आधी झिजतात ते झटक्याच्या हालचालीचे तंतू. त्यामुळे ठोशातला जोर बराच काळ टिकतो, पण ठोसा सुटायचा वेग लवकर जातो. जोरावर खेळणारे जड गटातले लोक चाळिशीपर्यंत तग धरतात आणि वेगावर जगणारे हलक्या गटातले तिशीतच मागे पडू लागतात, ते यामुळेच.

आता तो जॅब. मोबाइल कमरेच्या उंचीवर ठेवून बाजूने व्हिडिओ काढा आणि बघताना हात सोडून पाय बघा. दमलेला माणूस गुडघे ताठ करतो, वजन पुढच्या पायावर जातं. मग जॅब मारल्यावर अंग मागे खेचायला पायात काही उरत नाही. खांदा पुढेच अडकतो आणि हात सरळ मागे न येता छातीवरून फिरून वर येतो. विशीतली पोरंही हेच करतात, फक्त त्यांचं डोकं वेळेत बाजूला होतं म्हणून खपून जातं.

प्रतिक्रिया मंदावली की नाही ते घरी मोजता येतं. ३० सेंटिमीटरची पट्टी दुसऱ्याने वरून उभी धरायची, शून्याची खूण आपल्या उघड्या चिमटीत, न सांगता सोडायची आणि पकडायची. १५ सेंटिमीटरवर पकडली तर ०.१७५ सेकंद, २० वर पकडली तर ०.२० सेकंद. दहा वेळा करा, सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट आकडा वगळून सरासरी घ्या. दर आठवड्याला त्याच वेळी, आणि तुलना त्याची त्याच्याशीच. ताज्या अंगाने आकडा चांगला आणि तीन राउंडनंतर तोच ढासळत असेल, तर वयाच्या आधी दमावर काम करा.

डावखुरा_चिपळूण
फोरमनचं नाव घेणाऱ्यांनी ती लढत एकदा अख्खी बघावी. ५ नोव्हेंबर १९९४, वय ४५, समोर मायकल मूरर. नऊ राउंडनंतर फोरमन तिन्ही पंचांच्या कागदावर मागे होता. दहाव्यात उजवा हात बसला आणि जागतिक किताब परत आला. वेग गेलेला होता, जोर नव्हता. शिवाय १९७७ ते १९८७ तो रिंगणात नव्हताच, म्हणजे दहा वर्षांचा मार डोक्याला चुकला. हा भाग सगळे सोयीस्कर विसरतात.

वयाचा खरा धडा बघायचा तर रॉय जोन्स आणि बर्नार्ड हॉपकिन्स हे दोन अमेरिकी बॉक्सर बघा. हॉपकिन्स चार वर्षांनी मोठा. १९९३ मध्ये जोन्स जिंकला, २०१० मध्ये त्याच दोघांत हॉपकिन्स जिंकला, तेव्हा त्याचं वय ४५. जोन्सचा खेळ हात खाली सोडून, ऐन वेळी डोकं मागे खेचण्यावर उभा होता. प्रतिक्रिया डोळे मिटण्याएवढी जरी उशिरा आली तरी अशा खेळात हनुवटी उघडी. २००३ मध्ये तो हेवीवेट किताब जिंकला, पुन्हा वजन उतरवून खालच्या गटात आला आणि मे २००४ मध्ये अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्याच राउंडमध्ये झोपवला. जोन्सचं वय तेव्हा ३५. हॉपकिन्सचा खेळ अंतर, क्लिंच (समोरच्याला मिठीत जखडणं) आणि समोरच्याची लय मोडण्याचा. त्याला झटक्याची गरज कमी. २०१४ मध्ये, ४९ व्या वर्षीही त्याने किताबाची लढत जिंकली.

मेरी कोमने २०१८ मध्ये दिल्लीत सहावं विश्वविजेतेपद घेतलं ते पस्तिशी ओलांडून. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती कोलंबियाच्या व्हॅलेन्सियाकडून हरली ती ३-२ अशा फरकाने. ढासळलेला माणूस असा हरत नाही. पण तिच्यासारखे किती? नियम ठरवताना अपवाद मोजू नयेत, असं माझं मत. तुमच्या गड्याबद्दल मी वय विचारण्याआधी विचारीन की आजवर किती लढती झाल्या, स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) किती मार खाल्ला आणि तो बचाव कशावर करतो.

दर्यावरचो
पाय आधी जातत, हात मागसून. बाकी सगळा वरच्यांनी लिवलेला हा.

भाट्ये_किनारा
आभार. व्हिडिओ काढला, गुडघे खरंच ताठ होतात. बचाव बराचसा डोकं मागे खेचूनच करतो. आता सरावाचं सांगा. रोज पुळणीवर अर्धा तास पळतो, आठवड्याला तीनदा जोराचं स्पारिंग. शिवाय सामन्याच्या आधी शेवटच्या दोन दिवसांत तीन किलो उतरवतो.

पॅडवाला_कणकवली
या वयात जोराचं स्पारिंग आठवड्याला तीनदा म्हणजे खेळाडू स्वतःच्या हाताने संपवणं. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, तेही १६ औंसांचे ग्लोव्ह्ज आणि हेडगार्ड घालून, तीन राउंड. बाकीचं हलकं, ठरवून: एकाने फक्त जॅब मारायचा, दुसऱ्याने फक्त पाऊल टाकून बाजूला व्हायचं. डोकं मागे खेचायची सवय मोडायला त्याला रिंगच्या दोरीला पाठ टेकवून उभा करा. मागे जागाच नसली की गार्ड (चेहऱ्यापुढे धरलेले हात) आणि कंबर वापरावी लागते.

बॅगवर लांबलचक राउंड मारून दम वाढेल, वेग नाही. वेगासाठी १० सेकंद पूर्ण झटक्याने, ५० सेकंद हलकं, असं आठ वेळा. हात मंदावला की थांबायचं, मग सहाच झाले तरी चालतील. तीन-चार किलोचा मेडिसिन बॉल भिंतीवर, पाच-पाच फेकी तीनदा, मध्ये दोन मिनिटं पूर्ण विश्रांती. विश्रांती कापली की तो दमाचा व्यायाम होतो आणि झटक्याचे तंतू तसेच झोपून राहतात. आठवड्यातून दोनदा वजनं, पायांवर भर.

राउंड संपल्यावर आणि एक मिनिटाने नाडी मोजा. ढोबळमानाने ३० ठोके तरी खाली यायला हवेत. तिसऱ्या राउंडनंतर हा आकडा जेमतेम १५ वर येत असेल तर त्या दिवशी चौथा घेऊ नका.

पुळणीचं म्हणाल तर सुक्या वाळूत दहा मिनिटांच्या वर नको. टाच रुतते, पोटरी आणि टाचेमागची शीर ओढली जाते, आणि चाळिशीकडे झुकलेली शीर महिनोन्‌महिने भरत नाही. ओहोटीला घट्ट ओली वाळू मिळते तिथे पळा. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा पळायची वेळ घड्याळाला बांधू नका. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एका पायावर भार जास्त येतो. जितकं गेलात तितकंच उलटं परत या.

पावसात हँडरॅप (ग्लोव्ह्जच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्या) वाळत नाहीत. ओलसर रॅप दुसऱ्या राउंडपर्यंत सैल होतो आणि मनगट मुरगळतं. तीन जोड ठेवा.

खाण्यात दिवसाला दर किलो वजनामागे १.६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे त्याला ११५ च्या आसपास, चार वेळांत वाटून. १०० ग्रॅम बांगड्यात साधारण २० ग्रॅम येतात. नुसत्या पेजेवर आणि कुळथाच्या पिठीवर हा हिशेब बसणार नाही.

फिजिओ_सावंतवाडी
वजन उतरवण्यावर कोणी लिहिलं नाही, आणि मला धोका तिथेच दिसतो. दोन दिवसांत उतरलेले तीन किलो म्हणजे बहुतेक पाणी. ७१ किलोच्या माणसाचं १.४ किलो पाणी गेलं की कामगिरी घसरायला लागते. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र जातच राहतं. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर परत गेलं पाहिजे, मीठ घातलेलं कोकम सरबत त्याला उत्तम. १९८० मध्ये जगज्जेत्या लॅरी होम्ससमोर उतरलेला ३८ वर्षांचा मुहम्मद अली अंगाने सडसडीत दिसत होता. थायरॉइडच्या गोळ्यांनी वजन उतरलं होतं, अंगात काही उरलं नव्हतं. दहाव्या राउंडनंतर त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाने लढत थांबवली. तुमच्या गड्याने एक गट वर खेळावं किंवा सहा आठवडे आधीपासून हळूहळू उतरावं.

दुसरं, मेंदू. वयाबरोबर तो किंचित आकसतो, त्यामुळे मेंदू आणि कवटीच्या आवरणामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. ठोशाने डोकं गरकन फिरलं की त्या फाटण्याचा संभव वाढतो. डोक्यावर मार बसून नॉकआउट झाला तर हौशी नियमांत किमान ३० दिवस बंदी असते. ती स्पारिंगलाही लावा. सीटी स्कॅन स्वच्छ आला म्हणजे मेंदूला धक्का बसलाच नाही, असा अर्थ होत नाही. बोलणं अडखळणं, नावं विसरणं, विनाकारण चिडणं, बंद डोळ्यांनी एका पायावर तोल न राहणं, यातलं काही नवीन दिसलं ते त्याच्याऐवजी घरच्यांना विचारा, त्याला स्वतःला कळत नाही. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होणं किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं दिसणं म्हणजे डोळ्याचा पडदा सुटत असू शकतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे.

आणि अंगदुखीवर स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन नको, एका गोळीचा रक्त पातळ ठेवण्याचा परिणाम आठवडाभर राहतो. पॅरासिटामॉल चालेल, पण डोकं दुखतंय म्हणून ती घेतली असेल तर त्या दिवशी स्पारिंगला उतरवू नका. दुखणं झाकलं जातं आणि कोपऱ्यातल्या माणसाला काहीच कळत नाही.