टीमवर सोडून द्यायचं म्हणजे नक्की काय काय सोडायचं?

रात्रपाळी: कस्टमर सपोर्टच्या आठ जणांची लीड आहे. वरून निरोप आला, यापुढे टीमने आपलं आपण बघायचं. मला तर हायसं वाटलं. पण आता वीकेंडची ड्यूटी कोणी घ्यायची यावर ग्रुपवर मेसेजचा पाऊस, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. काल एका ग्राहकाला रिफंड द्यायचा होता. सगळ्यांचं एकमत, तरी मंजुरी वरच अडकली. मध्ये पडू का? पडले तर म्हणतील, झाल्या बाई परत बॉस.

जुना_सुपरवायझर: ताई, ही दोन वेगळी दुखणी आहेत. रिफंडला एकमत असून उपयोग नाही, कारण अधिकार दिलेलाच नाही. ड्यूटीला अधिकार आहे, पण ठरवायची रीत नाही. नेदरलँड्समध्ये ब्युर्टझोर्ग ही घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसची संस्था आहे, 2006 मध्ये योस द ब्लोक यांनी सुरू केलेली. तिथे एका टीममध्ये जास्तीत जास्त 12 जण. कोणता पेशंट कोणाकडे, ड्यूट्या कशा, नवीन माणूस कोण घ्यायचा, सगळं त्याच ठरवतात. पगार नि बिलं मात्र मुख्य कार्यालय बघतं. टीमचं आपसात अडलं तर कोच येतो, पण निर्णय तो देत नाही. कोणाचं काय हे आधी ठरलेलं असतं, तुमच्याकडे नुसता निरोप आलाय. रिफंडची मर्यादा लेखी मागून घ्या.

टेस्टिंगवाली: ड्यूटीसाठी एकमताच्या मागे लागूच नका. एकाने तक्ता मांडायचा, बाकीच्यांनी फक्त सांगायचं की यामुळे आपलं काय अडतंय. नुसतं आवडलं नाही, हे कारण धरायचं नाही. तक्ता मांडणारा दर महिन्याला बदलायचा. मोठ्या आवाजवाल्याला पहिला नंबर द्या, मजा बघा.

कडू_कारलं: लीडचं काम आठ जणांत वाटलं, लीडचा पगार कोणात वाटला? आणि अप्रेझल कोण लिहितं? ते एकाच्या हातात असेल तर सगळे त्याच्याच तोंडाकडे बघणार.

रात्रपाळी: अप्रेझल अजून मीच लिहिते. म्हणूनच मीटिंगमध्ये काही विचारलं की सगळे माझ्याकडे बघतात! रिफंडच्या मर्यादेचा मेल आज टाकते, महिन्याचा हिशोब टीम देईल असं लिहून. ड्यूटीत पडत नाही. अप्रेझल टीमनेच एकमेकांचं लिहायचं, असं कुणाकडे चालतं का? भांडणं किती होतात?