अनुभव धागा: अमेरिकेतली पॅरिश शाळा आणि पालकांच्या वाटची कामं

धागा उघडताना

कॅथलिक शाळा म्हटलं की आपल्याला कॉन्व्हेंट आठवतं. अमेरिकेतली पॅरिश शाळा, म्हणजे एका चर्चची आणि त्याच्या भाविकांची (पॅरिशची) शाळा, जरा निराळी. बालवाडी ते आठवी, चर्चच्याच आवारात, शिकवायला सिस्टर क्वचितच, आणि फीसोबत पालकांच्या कामाचे तास ठरलेले. 1884च्या, अमेरिकन बिशपांच्या बाल्टिमोर परिषदेने प्रत्येक चर्चशेजारी शाळा हवी असा हुकूम काढला, तेव्हापासून या शाळांचा बराचसा भार पॅरिशमधल्या घरांवरच आहे. ज्याला जे काम ठाऊक आहे त्याने ते लिहावं. काय लागतं, किती लागतं, कुठे फसतं. शाळा चांगली की वाईट हा वाद इथे नको.

ऑफिसच्या खिडकीतून

मुलांच्या जवळपास काम करायचं तर पार्श्वभूमी तपासणी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण आधी हवं. 2002मध्ये अमेरिकन बिशपांनी बालसंरक्षणाची सनद मंजूर केली, तेव्हापासून यात सूट नाही. ऑगस्टमध्येच उरका. ऑक्टोबरच्या सहलीच्या आदल्या आठवड्यात अर्ज टाकला की कागद वेळेत येत नाहीत आणि मूल आईबाबांशिवाय जातं. तासांची नोंद त्याच दिवशी करा. मे महिन्यात आठवून लिहिलेले तास धरतीलच असं नाही, आणि कमी भरले तर बिल येतं.

तळणघर

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, शुक्रवारी 14 वर्षं पूर्ण झालेल्या कॅथलिकांना मांस वर्ज्य, मासे चालतात. म्हणून फिश फ्राय, म्हणजे पॅरिशमधलं तळलेल्या माशांचं जेवण. राखेच्या बुधवारनंतरच्या (लेंट त्या दिवशी सुरू होतो) पहिल्या शुक्रवारपासून मोजले तर गुड फ्रायडेच्या आधी सहा शुक्रवार मिळतात.

ताटाला 4 औंसांचे दोन तुकडे धरा. 10 पौंडांच्या खोक्यात असे 40 तुकडे, म्हणजे 20 ताटं. 300 ताटांना 15 खोकी. बुधवारी रात्री फ्रीझरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवायची, पण एकावर एक रचून नाही. रचली की मधली खोकी शुक्रवारी दुपारीही गोठलेलीच सापडतात. तुकडे ट्रेवर एका थरात पसरा आणि पिठात बुडवण्याआधी कागदाने नीट टिपा. ओल्या माशावर पीठ धरत नाही, ते सुटून तेलात जळतं आणि पुढचा प्रत्येक घाणा कडू होतो. पाण्याने तेल उसळतं ते वेगळंच.

तेल 350 ते 365 फॅरनहाइट. साडेपाचला रांग वाढली की टोपलीत जास्त तुकडे पडायला लागतात, तेलाचं तापमान उतरतं आणि मासा तेल पितो. थर्मामीटर बघणारा माणूस वेगळा नेमा, त्याला दुसरं काम देऊ नका. तळलेले तुकडे जाळीवर ठेवा. फॉइलने झाकले की वाफेने कुरकुरीतपणा गेलाच. पोलॉक मासा कॉड माशापेक्षा स्वस्त पडतो, पण तुकडे पातळ असतील तर लवकर काढावे लागतात.

17 मार्च शुक्रवारी आला की पुष्कळ बिशप सेंट पॅट्रिक या संताच्या सणासाठी मांसाची मुभा देतात. 2023मध्ये तसंच झालं. त्या आठवड्यात खोकी कमी मागवा.

जाता जाता: मॅकडॉनल्ड्सचा माशाचा बर्गरही या शुक्रवारांचीच देणगी. सिनसिनाटीतल्या लू ग्रोन या दुकानदाराने तो 1962मध्ये आणला, कारण शुक्रवारी त्याचं गिऱ्हाईक गायब व्हायचं.

सूपवाले

काही पॅरिशमध्ये फिश फ्रायऐवजी सूपचं जेवण असतं. मराठी घरांना हे सोपं. दूध, अंडी, चीज चालतं, त्यामुळे छोले किंवा पालक पनीर खुशाल न्या. तिखट निम्मं करा. काजूची पेस्ट घालूच नका; सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेली मुलं शाळेत असतात. 6 क्वार्टचा स्लो कुकर (मंद आचेचं विजेचं भांडं) पाऊण भरला तर 12 औंसांचे 12 वाडगे निघतात.

खरी गडबड विजेची होते. 15 अँपिअरच्या एका लाइनवर 250 वॉटचे पाच कुकर चालतात. त्याच लाइनवर कॉफीचा मोठा अर्न (विजेवरचं कॉफीचं पिंप) लागला की ब्रेकर पडतो, आणि अंधार होत नसल्यामुळे तासभर कुणाच्या लक्षातही येत नाही. अर्न दुसऱ्या ब्रेकरवर लावा. पदार्थ घरूनच उकळून आणा. स्लो कुकर गरम ठेवतो, गार रस्सा पटकन तापवणं त्याचं काम नाही.

वसईकर

कॅथलिक नसलेल्या घरांसाठी. बहुतेक शाळांत आठवड्याला एक मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) सगळ्या शाळेची असते. कम्युनियनच्या, म्हणजे कॅथलिकांनाच मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या, रांगेत आपल्या मुलाने दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे, म्हणजे फादर फक्त आशीर्वाद देतात. बाकावर बसून राहिलं तरी चालतं. हे घरी करून दाखवा. प्रसादाला हात पुढे करायची सवय असलेलं मूल इथेही हात पुढे करतं आणि मग सगळ्यांचीच पंचाईत होते. गुडघा टेकणं, क्रूसाची खूण करणं बंधनकारक नाही. उभं राहणं आणि शांत बसणं मात्र अपेक्षित.

दुसरीचं वर्ष जपून. वर्गातली कॅथलिक मुलं पहिल्या कम्युनियनची तयारी करतात, धडे सगळ्यांना असतात, पांढरे कपडे सगळ्यांना नसतात. हे मुलाला सप्टेंबरमध्येच सांगा. वाचनात किंवा गाण्यात काही काम मिळेल का, तेही शिक्षकांना तेव्हाच विचारा.

डिसेंबरचं काम

6 डिसेंबर, सेंट निकोलस या संताचा दिवस. मुलं वर्गाबाहेर एक बूट काढून ठेवतात, वरच्या वर्गातली मुलं त्यात संत्रं, चॉकलेटचं नाणं, कँडी केन टाकतात. युनिफॉर्ममुळे सगळे बूट काळे आणि सारखे, म्हणून आत नावाची चिकटपट्टी आदल्या दिवशीच लावा. एकच बूट काढायला सांगा. चॉकलेटच्या मोठ्या पिशवीवरचं घटकांचं लेबल वाचल्याशिवाय सुटी नाणी वाटू नका.

फुलांची बाजू

मे महिन्यात पवित्र मरियेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट घालतात. मूर्तीच्या डोक्याचा घेर दोऱ्याने मोजून घ्या, अंदाज नको. तारेचं कडं त्याहून अर्धा इंच मोठं करा, कारण फुलं आणि टेप आतून जागा खातात. कार्नेशन टिकतात, गुलाब बांधलेच तर सकाळीच बांधा. आदल्या रात्री मुकुट पाणी शिंपडून फ्रिजमध्ये ठेवायचा, पण सफरचंदांजवळ नाही, त्यांच्या वायूने कार्नेशन मिटतात. मूर्तीचं डोकं गुळगुळीत असल्याने मुकुट पुढे घसरतो. मागच्या बाजूला फुलवाल्यांची चिकणमाती चिमूटभर लावा आणि ज्या मुलीला मुकुट घालायचा आहे तिच्याकडून शिडीसह एकदा तालीम करून घ्या. शिडी मोठ्या माणसाने धरायची, फोटो काढणाऱ्याने नव्हे.