बायोटेक स्टार्टअप कोल्हापुरातच ठेवावा की पुण्याला न्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी झालेले. उसाचं पाचट रानातच लवकर कुजवणारं जिवाणू कल्चर बनवतोय. आता कंपनी नोंदवायचीय आणि जो भेटेल तो म्हणतो, पुण्याला जा.

पाचट इथं, गिऱ्हाईक इथं, चाचणीला रान करवीर-शिरोळात हवं तेवढं. पण फर्मेंटरचा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीचा, मोजमापाचा प्रोब बिघडला की पुण्याहून माणूस येईस्तोवर बॅच गेलेली असते. इथल्या उद्यमनगर औद्योगिक वसाहतीत पॅटर्न, ओतकाम, मशीनिंग सगळं हाकेच्या अंतरावर, तसं बायोटेकचं आपल्याकडं काही नाही. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आधारानं २००७ पासून व्हेंचर सेंटर हे नव्या कंपन्यांना जागा-उपकरणं देणारं इनक्युबेटर आहे, बंगळुरात तसंच सी-कॅम्प आणि एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था एकाच आवारात. हैदराबादची जीनोम व्हॅली ही बायोटेक वसाहत सरकारनं ठरवून वसवली, पण तिथला जोर लशींवर.

खरी अडचण माणसांची. फर्मेंटेशन येणारी पोरं इथं टिकत नाहीत. आमचं बुडालं तर दुसरी नोकरी कोल्हापुरात कुठली? म्हणून ती आधीच पुण्याचं बघतात. त्यांचंही चूक नाही म्हणा.

बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेच्या 'बिग' नावाच्या अनुदानाला (५० लाखांपर्यंत, १८ महिने) अर्ज करायचाय. कोल्हापूरचा पत्ता आड येतो का? पुण्यात नुसती प्रयोगशाळेची जागा घेऊन बाकी सगळं इथं चालवणारं कुणी आहे का?

प्रतिसाद :

पत्त्याचं नंतर बघू. स्ट्रेन (जिवाणूचा वाण) पक्का झालाय की अजून बदलताय, ते आधी सांगा. बदलत असाल तर काही महिने पुण्यात इनक्युबेटरमध्ये जागा घ्याच. महागडी उपकरणं सामायिक मिळतात, आणि तुम्ही जिथं अडलाय तिथं आधी अडून सुटलेला कुणीतरी शेजारीच बसलेला असतो. अर्जाचा मसुदाही तिथंच कुणाकडून तरी तपासून घ्या.

पक्का झाला असेल तर मात्र पुण्यात भाडं कशाला भरताय? मोठ्या टाकीचं काम आपल्याकडचंच. बॉयलर, वाफ, मोलॅसिस, फर्मेंटर यांत उभा जन्म काढलेली माणसं साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत आहेत. त्यांतला एखादा निवृत्त गाठा, तो काही पुण्याला पळत नाही. यीस्ट सांभाळलेला माणूस तुमचा जिवाणूही सांभाळेल. फक्त निर्जंतुकतेचं त्याला पहिल्यापासून शिकवावं लागेल, डिस्टिलरीत एवढं सोवळं कुणी पाळत नाही.