परवानगी ऑनलाइन झाली, विचारायचं कुणाला?

बांधकाम परवानगीच्या खिडकीवर तोंडी सुटणाऱ्या गोष्टी आता कुठे अडतात? 'पूर्वीच बरं होतं' यापलीकडचं, नेमकं लिहा.

आर्किटेक्ट, सांगली
नकाशा टेबलावर पसरला की कनिष्ठ अभियंता पेन्सिलीने जिन्याला गोल करायचा आणि कारणही सांगायचा. ऑटोडीसीआर, म्हणजे नकाशा तपासणारं सॉफ्टवेअर, फक्त लेयर (ड्रॉइंगचे थर) आणि बंद पॉलीलाइन (टोकं जुळलेली सलग रेषा) वाचतं. प्लॉटची हद्द एका कोपऱ्यात केसभर उघडी राहिली तर क्षेत्रफळ निघत नाही. मग एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राशी बांधकामाचं प्रमाण), सामासिक अंतरं (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), पार्किंग, ओळीने सगळं नापास. वीस चुका दिसतात, खरी एकच असते. आधी हद्द बंद करा, ड्रॉइंग मीटरमध्ये आहे की मिलिमीटरमध्ये ते बघा, पुन्हा चालवा. उरलेला अहवाल त्यानंतरच वाचा.

परवानाधारक अभियंता
क्षेत्राचा घोळ त्याहून चिवट. 7/12, मोजणी नकाशा आणि प्रत्यक्ष जागा, तिन्हींत सर्वांत कमी भरेल ते क्षेत्र धरतात. 7/12 वर 2 गुंठे, म्हणजे 202.34 चौ.मी.; मोजणीत 198 भरलं, तर हिशेब 198 वर. अर्जात 202.34 आणि ड्रॉइंगमध्ये 198 गेलं की फाइल परत. पूर्वी हे समोर उभं राहून सांगता यायचं. आता फरकाचा खुलासा पहिल्याच पत्रात लिहून जोडा.

साठ दिवसांबद्दल
एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 45(5) प्रमाणे 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानतात, तीच मानीव परवानगी. हे 60 दिवस अर्जापासून किंवा मागवलेल्या माहितीला उत्तर दिल्यापासून, जे नंतरचं असेल तेव्हापासून. म्हणून अर्धवट उत्तर अपलोड करू नका. पोच छापून ठेवा. मानीव परवानगी मिळाली तरी नियमाबाहेरचं बांधकाम त्यात बसत नाही, हे मालकाला आधीच सांगा.

छोटा प्लॉट
राज्याची 2020 ची एकत्रित बांधकाम नियमावली (मुंबईला ती लागू नाही) 150 चौ.मी.पर्यंतच्या भूखंडाला कमी जोखमीत धरते: कागद आणि शुल्काची पावती हीच परवानगी. सोय खरी, पण नकाशा आधी कुणी तपासलेलाच नसतो. चूक भिंती उठल्यावर कळते.

साइट सुपरवायझर
समोरासमोरची एक भेट अजून उरलीय, जोता तपासणी (बांधकाम जोत्यापर्यंत, म्हणजे प्लिंथपर्यंत, आल्यावरची). त्या दिवशी मोजणीचे दगड माती काढून उघडे ठेवा, मंजूर नकाशाची मोठी प्रत आणि 30 मीटरची टेप हाताशी असू द्या. पुढच्या मजल्याच्या शंका तेव्हाच विचारून घ्या.